संगणकाचा सातबारा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गचा किनारा घासत उत्तरेकडे गेले. आमच्या वाडीत माड पडले, विजेचे खांब वाकले, आणि पुढे कित्येक दिवस घरात दिवा नव्हता. वीज आली तीही झटका देत आली. त्या झटक्यात माझ्या जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली. मी जमवलेल्या मोडी कागदपत्रांच्या छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर होती, म्हणून वर्षांची मेहनत वाचली. नवी डिस्क बसवली, तिच्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली नव्याने घातली. यंत्र सुरू झाले, पण वायफाय दिसेना.

इंटरनेटचा राऊटर शेजारच्या खळ्यात, भावाच्या घरात. आमच्याकडे मोबाइलची रेंज मिळते ती फक्त पुढच्या ओटीच्या एका कोपऱ्यात. मुलीची ऑनलाइन परीक्षा आठ दिवसांवर आलेली. यंत्र घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने ते उघडले, पाहिले, आणि निर्णय दिला : "कार्ड गेला, काका. खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान. नवीन घालूक व्हया." खर्च अडीच हजार, आणि टाळेबंदीमुळे कार्ड कधी येईल त्याचा नेम नाही.

तो मुलगा खोटे बोलत नव्हता. आमच्याकडे खारा वारा खिडकीचे गजसुद्धा खातो, त्यामुळे त्याचे म्हणणे पटण्यासारखे होते. पण तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत. त्या धंद्याने एक सवय लावली. कोणी येऊन सांगितले की "जमीन गेली", तर अर्ज लिहायला घेण्याआधी मी म्हणतो, "आधी सातबारा दाखवा." त्या संध्याकाळी लॅपटॉप पुढ्यात घेऊन मी तेच केले. लिनक्समध्ये संगणकाचा सातबारा निघतो. तो कसा निघतो, कसा वाचायचा आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे या लेखात सांगायचे आहे. संगणकाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे आहे ते पडझडीतून शिकलेले आहे.

कर्नल आणि त्याचे सोबती

संगणकात आपल्याला जे दिसते, म्हणजे पत्र लिहायचा, गाणी ऐकायचा किंवा जालावर फिरायचा कार्यक्रम, त्यातले काहीही थेट यंत्राला हात लावत नाही. पडदा, कळफलक, डिस्क, वायफाय या सगळ्यांशी बोलण्याचा अधिकार एकट्या मधल्या कारभाऱ्याला असतो. त्याला कर्नल म्हणतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली जे लिहायला घेतले आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी वाढवले, तो लिनक्स म्हणजे नेमकेपणाने बोलायचे तर हा कर्नलच.

या कारभाऱ्यापुढे एक अडचण असते. बाजारात वायफाय कार्डे शेकडो प्रकारची, छापखाने, कॅमेरे, ध्वनियंत्रे हजारो प्रकारची. प्रत्येकाशी बोलायची रीत वेगळी. सगळ्या रीती कर्नलने कायम डोक्यात ठेवल्या तर स्मृती त्यांनीच भरून जाईल. म्हणून नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून लिनक्सने मॉड्यूलची पद्धत स्वीकारली. मॉड्यूल म्हणजे कर्नलचाच एक सुटा भाग. तो डिस्कवर पडून असतो, आणि लागेल तेव्हा चालत्या कर्नलमध्ये येऊन बसतो. त्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागत नाही. आमच्याकडच्या दशावतारात राक्षसाचा प्रवेश येईपर्यंत तो नट आत पेटाऱ्यावर बसलेला असतो, नाव पुकारले की रंगमंचावर येतो, तसेच हे. माझ्या लॅपटॉपवर अशी तीन हजारांहून अधिक मॉड्यूले डिस्कवर आहेत. एका वेळी कामावर असतात ती साधारण शंभर-सव्वाशे.

हा सगळा कारभार पाहण्यासाठी काही छोटी साधने आहेत. ती टर्मिनलच्या काळ्या खिडकीत नाव टाइप करून चालवायची असतात, अर्थात रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत. २००२च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी मॉड्यूले चढवण्याची यंत्रणा आणि तिची साधने नव्याने लिहिली. पुढे डिसेंबर २०११मध्ये ब्राझीलच्या ल्यूकस दे मार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही सगळी साधने 'केमॉड' या एकाच कार्यक्रमात आणली. आज जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर हाच केमॉड वेगवेगळ्या नावांनी हाक मारला की वेगवेगळी कामे करतो. त्यातली पाहणीची नावे दोन : एलएसमॉड आणि मॉडइन्फो.

बारा : शेतात आज काय उभे आहे

आपण 'सातबारा' असा एकच शब्द वापरतो, पण ते मुळात दोन कागद आहेत हे अनेकांच्या लक्षात नसते. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाची, किती, कोणत्या प्रकारची, तिच्यावर इतर हक्क कोणाचे. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही : त्या हंगामात त्या जमिनीत प्रत्यक्ष काय उभे होते. पहिला हक्क सांगतो, दुसरा वहिवाट सांगतो. दोन्ही एकत्र वाचले तरच जमीन कळते.

एलएसमॉड हा संगणकाचा नमुना बारा आहे. या क्षणी कर्नलमध्ये कोणती मॉड्यूले प्रत्यक्ष बसलेली आहेत, एवढेच तो सांगतो. त्याला काही विचारावे लागत नाही. नाव टाइप करून एंटर दाबले की तीन रकान्यांची यादी येते. पहिल्या रकान्यात मॉड्यूलचे नाव, दुसऱ्यात त्याने व्यापलेली स्मृती बाइटमध्ये, तिसऱ्यात त्याचा वापर : किती जणांकडून, आणि कोणाकडून. ही माहिती एलएसमॉड स्वतः तयार करत नाही. कर्नल आपल्या '/प्रॉक' या दालनात 'मॉड्यूल्स' नावाची एक फाइल कायम उघडी ठेवतो, तीच तो नीट मांडून दाखवतो. ती वाचायला प्रशासकाचा परवलीचा शब्द लागत नाही. सातबाऱ्यासारखीच ही नोंद कोणालाही पाहता येते.

यातला तिसरा रकाना सर्वांत बोलका. मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले की माझ्या यादीत तीन नावे एकदम उगवतात : आरएनडीआयएस-होस्ट, सीडीसी-ईथर आणि यूएसबीनेट. यूएसबीनेटपुढे पहिल्या दोघांची नावे असतात, सीडीसी-ईथरपुढे आरएनडीआयएस-होस्टचे, आणि आरएनडीआयएस-होस्टपुढे कोणत्याही मॉड्यूलचे नाव नसते. म्हणजे तळाशी यूएसबीनेट, त्याच्या आधाराने मधला, त्याच्या आधाराने वरचा. आता कोणी तळाचे मॉड्यूल काढायला गेले, तर आरएममॉड ही कमांड साफ नकार देते आणि ते अमक्या-अमक्याच्या वापरात आहे असे नावानिशी सांगते. इतर हक्काच्या रकान्यात कुळाचे नाव असताना जमीन परस्पर मोकळी करता येत नाही, तसेच.

सात : हा कोण, कोणाचा, कोणावर अवलंबून

मॉडइन्फो हा नमुना सात. त्याच्यापुढे एखाद्या मॉड्यूलचे नाव टाइप केले की त्या मॉड्यूलचा उतारा निघतो. ते कामावर नसले तरी चालते, कारण ही माहिती डिस्कवरच्या मॉड्यूलच्या फाइलमध्येच एका ठरावीक कप्प्यात लिहिलेली असते. ती लिहिणारा त्या मॉड्यूलचा लेखकच असतो, आणि काही ओळी फाइल तयार होताना आपोआप भरल्या जातात.

माझ्या वायफायचे मॉड्यूल 'आयडब्ल्यूएल-वायफाय'. त्याच्या उताऱ्यातल्या महत्त्वाच्या ओळी अशा वाचायच्या. 'फाइलनेम' म्हणजे ते डिस्कवर कोठे आहे. 'ऑथर' म्हणजे कर्ता. येथे इंटेल कंपनी. 'लायसन्स' म्हणजे परवाना. येथे जीपीएल, म्हणजे याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा असा. 'डिपेंड्स' म्हणजे याच्याआधी कोण बसलेले हवे. 'व्हरमॅजिक' म्हणजे हे कर्नलच्या नेमक्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधले आहे. ही ओळ चालत्या कर्नलशी जुळली नाही तर मॉड्यूलला सहसा आत घेतले जात नाही. 'पार्म' या ओळींत त्याच्या वागण्यातल्या कोणत्या गोष्टी आपल्याला बदलता येतात ते येते, उदाहरणार्थ वीज वाचवण्याची सोय चालू ठेवायची की बंद.

मग येतात 'एलियस'च्या ओळी, डझनावारी. बहुतेक लोक त्या वगळतात, पण खरी गंमत तेथे आहे. संगणकातले प्रत्येक कार्ड आपला क्रमांक स्वतः सांगते : बनवणाऱ्याचा आणि नगाचा. इंटेलचा क्रमांक आहे ८०८६. त्यांनी १९७८ साली काढलेल्या प्रसिद्ध चिपचेच नाव. 'एलियस'च्या ओळी म्हणजे "हे हे क्रमांक सांगणाऱ्या कार्डांशी मी बोलू शकतो" असे मॉड्यूलने दिलेले वचन. कार्डाने क्रमांक सांगितला की कर्नल हाक देतो, सगळ्या वचनांची आधीच करून ठेवलेली सूची चाळली जाते, आणि योग्य मॉड्यूल आपोआप आत येते.

शेवटी 'फर्मवेअर'. काही कार्डांमध्ये स्वतःचा छोटा मेंदू असतो, पण त्यातला मजकूर कार्डात कायम नसतो. दर वेळी संगणक सुरू झाला की मॉड्यूलने तो डिस्कवरून उचलून कार्डात ओतायचा असतो. कोणती फाइल ओतायची, तिचे नाव या ओळीत असते.

त्या संध्याकाळी काय दिसले

आता दुकानातल्या मुलाच्या निर्णयाकडे येऊ. मी आधी नमुना बारा काढला. एलएसमॉडच्या यादीत आयडब्ल्यूएल-वायफाय होते. इथेच पहिली शंका आली. ते मॉड्यूल माझ्या सांगण्यावरून आलेले नव्हते, कार्डाच्या हाकेवरून आलेले होते. कार्डाने आपला क्रमांक सांगितला होता. एलएसपीसीआय या दुसऱ्या कमांडच्या यादीतही कार्ड हजर होते. पार मेलेले कार्ड सहसा आपले नाव सांगत नाही.

दुसरी गोष्ट दिसायला वेळ लागला, कारण ती यादीत नव्हती. आयडब्ल्यूएल-वायफायपुढच्या वापराच्या रकान्यात शून्य होते. माझ्या जातीचे कार्ड नीट चालत असते तर तेथे 'आयडब्ल्यूएल-एमव्हीएम' हे नाव असायला हवे होते. हे दुसरे मॉड्यूल कार्डाच्या मेंदूशी प्रत्यक्ष बोलते, आणि मेंदूत मजकूर ओतला गेल्यावरच त्याला बोलावणे जाते. म्हणजे गडी शेतावर आला होता, पण काम सुरू झालेले नव्हते.

मग नमुना सात. मॉडइन्फोने फर्मवेअरच्या ओळींत फाइलींची नावे दिली. त्या फाइली जेथे असतात त्या कप्प्यात पाहिले. माझ्या कार्डाची तेथे नव्हती. कर्नलची रोजनिशी दाखवणाऱ्या डीमेसग या कमांडने तेच सांगितले : फाइल मागितली, मिळाली नाही.

कारण खाऱ्या वाऱ्यात नव्हते, तत्त्वात होते. ज्याचा मूळ मजकूर खुला नाही ते काहीही आपल्या अधिकृत प्रतीत द्यायचे नाही, असा डेबियनच्या स्वयंसेवकांचा तेव्हा नियम होता. इंटेलचे मॉड्यूल खुले, पण कार्डात ओतायचा मजकूर बंद. म्हणून नव्याने घातलेल्या प्रणालीत तो आलाच नाही. जुन्या डिस्कवर मी तो केव्हातरी वेगळा बसवला होता आणि विसरून गेलो होतो. (पुढे ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम सैल केला, आणि जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीसोबत येऊ लागले.)

ओटीच्या त्या कोपऱ्यात बसून मोबाइल केबलने जोडला, फर्मवेअरचे पाकीट उतरवून घेतले, आणि मॉड्यूल काढून पुन्हा बसवले. एलएसमॉड पुन्हा चालवला. आयडब्ल्यूएल-वायफायपुढे शून्याच्या जागी एक आला होता, आणि त्याच्यापुढे ते नाव. आतून मुलगी म्हणाली, "बाबा, नेट आला!" खर्च शून्य. कार्ड आजही चालू आहे.

नोंद म्हणजे सत्य नव्हे

एवढ्यावर लेख संपवला तर तो या साधनांची जाहिरात होईल. सातबाऱ्याशी आयुष्य घालवलेल्या माणसाला नोंदीची दुसरी बाजूही माहीत असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५७चे म्हणणे असे की, अधिकार अभिलेखातली नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. मॉडइन्फोच्या उताऱ्यालाही नेमके हेच लागू आहे.

परवान्याची ओळच घ्या. लिनक्स कर्नलमधल्या काही सोयी फक्त जीपीएलशी सुसंगत परवाना असलेल्या मॉड्यूलांनाच मिळतात. बंदिस्त मॉड्यूल आत आले तर कर्नल स्वतःवर तशी खूण करून घेतो. तिला 'टेंट', म्हणजे डाग, म्हणतात. ते मॉड्यूल काढले तरी संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत डाग जात नाही. आता हा परवाना कोण सांगतो? मॉड्यूलचा लेखकच. २००४ साली लिनक्संट या कंपनीच्या मोडेमच्या मॉड्यूलात परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' लिहून लगेच एक अदृश्य शून्य-अक्षर घातलेले आढळले, आणि ही सवलत काही फाइलींपुरतीच आहे असे त्यापुढे लिहिलेले होते. कर्नल शून्य-अक्षरापाशी वाचायचे थांबवतो. त्यामुळे त्याने 'जीपीएल' एवढेच वाचले आणि डाग लावला नाही. इशाऱ्यांनी ग्राहक गोंधळतात म्हणून असे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. लिनक्सच्या जगात यावरून मोठा गदारोळ झाला. दस्तातल्या एका शाईच्या ठिपक्याने अर्थ फिरल्याची उदाहरणे मी कचेरीबाहेर पाहिली आहेत. हा त्याच जातीचा ठिपका.

डिसेंबर २०१२च्या ३.७ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये मॉड्यूलवर डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सोय आली. मॉडइन्फोच्या 'सायनर' या ओळीत सही करणाऱ्याचे नाव दिसते. पण डिजिटल सहीचा सातबारा हाती घेणाऱ्याला माहीत असते की, सही कागद कोठून आला आणि त्यात नंतर फेरफार झालेला नाही एवढेच सांगते. आतली नोंद बरोबर आहे, असे ती सांगत नाही.

एलएसमॉडलाही मर्यादा आहेत. जे भाग कर्नलमध्ये बांधतानाच कायमचे घातलेले असतात, ते त्याच्या यादीत कधीच येत नाहीत. गावठाणातल्या घराचा सातबारा निघत नाही, म्हणून घर नाही असे होत नाही. आणि चोराने घुसवलेले मॉड्यूल आत येताच कर्नलच्या यादीतून स्वतःचे नाव खोडू शकते. अशी मॉड्यूले लिहिली गेली आहेत. तेथे कागद पुरत नाही, स्थळपाहणी करावी लागते.

पुण्यापर्यंत तोच नमुना

हे सगळे जुन्या लॅपटॉपपुरते आहे असे वाटू नये. पुण्याच्या सी-डॅकमधला 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२०च्या जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत त्रेसष्टावा होता. नोव्हेंबर २०१७पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवर चालतात. म्हणजे माझ्या ओटीवरच्या यंत्रात आणि पुण्याच्या त्या यंत्रात कारभारी एकाच कुळीचा आहे, आणि त्याच्या वहीचे रकानेही तेच.

परम सिद्धीचे बळ एनव्हिडिया कंपनीच्या गणकचिपांत आहे. या चिपांचे मॉड्यूल वर्षानुवर्षे बंदिस्त होते, आणि त्याच्या उताऱ्यात परवान्यापुढे फक्त कंपनीचे नाव येई. मे २०२२मध्ये कंपनीने आपल्या कर्नल मॉड्यूलांचा मूळ मजकूर खुला केला. त्या खुल्या मॉड्यूलांच्या उताऱ्यात त्याच जागी 'ड्युअल एमआयटी/जीपीएल' असे येते. म्हणजे एका ओळीतला फेरफार. पण ज्यांनी ती ओळ वर्षानुवर्षे वाचली होती, त्यांना त्या फेरफाराचे मोल कळले.

मला या साधनांचे महत्त्व वाटते ते एवढ्यासाठी. एलएसमॉड काही दुरुस्त करत नाही, मॉडइन्फोही करत नाही. जमिनीचा उतारा काढल्याने जमीन परत मिळत नाही. पण उतारा हाती असला की समोरच्याच्या शब्दावर सगळे सोडावे लागत नाही. कचेरीबाहेर मी अशी माणसे रोज पाहिली, ज्यांची हरकत खरी होती, पण कोणता कागद मागायचा हे ठाऊक नसल्याने ती परत गेली. संगणकाच्या बाबतीत आपण बहुतेक जण आज त्याच ओट्यावर बसलेलो आहोत.

महिन्याभराने मी त्या दुकानात एक केबल घ्यायला गेलो. मुलाने विचारले, "काका, कार्ड घातलास?" मी त्याच्याच संगणकावर, त्याच्या परवानगीने, लिनक्सची काठी लावून दोन कमांडी चालवून दाखवल्या. तो बराच वेळ यादीकडे पाहत राहिला. मग त्याने कपाटातून एक धूळ खाल्लेला लॅपटॉप काढला, ज्याचे कार्ड 'गेले' म्हणून बाजूला ठेवलेले होते, आणि म्हणाला, "ह्येचो पण उतारो काढूया."